प्लॅटिनमची कल्हई

यंदाच्या संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या हळदीकुंकवात वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तिळगूळ मिळाला आणि वर एक धक्काही मिळाला. जिच्या घरी कार्यक्रम होता तिच्या ओळखीच्या एक ताई पुण्याहून आल्या होत्या. बोलायला गोड, साडी नीटनेटकी, सोबत मोठी बॅग. "पाच मिनिटं द्या मला, सगळ्यांच्या आरोग्याचा प्रश्न आहे," म्हणत त्यांनी टीपॉयवर दोन काचेचे ग्लास मांडले. एकात आमच्या शिरूरचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांनी बाटलीतून आणलेलं शुद्ध पाणी. मग चार दांड्यांचं एक यंत्र काढलं. दोन दांड्या या ग्लासात, दोन त्या ग्लासात, प्लग लावला आणि बटण दाबलं.

बघता बघता बोअरच्या पाण्याला फेस आला. मग ते हिरवट झालं, मग तपकिरी, आणि वर दह्यासारखा गाळ साकळला. शेजारच्या ग्लासातलं पाणी मात्र जसंच्या तसं, स्वच्छ.

"हे तुम्ही रोज पिता! लेकरांना पाजता!" ताई म्हणाल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीने तर हातातला पेला तिथेच खाली ठेवला.

त्यानंतर खरं यंत्र बाहेर आलं. पाण्याचं 'विघटन' करून अल्कधर्मी पाणी देणारं. गुडघेदुखी, ॲसिडिटी, शुगर, सगळ्यावर म्हणे गुणकारी. किंमत दीड लाखाच्या पुढे. का इतकी? "कारण आत टायटॅनियमच्या सात पट्ट्या आहेत आणि त्यावर प्लॅटिनम आहे. सोन्यापेक्षा महाग धातू. तुमच्या घरात सोनं ठेवल्यासारखंच आहे ते." शिवाय एक यंत्र घेतलं की तुम्हीच विक्रेत्या, पुढच्या प्रत्येक विक्रीवर कमिशन.

आमच्या बचत गटात एक मावशी आहेत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. रांजणगाव एमआयडीसीत कामाला येणाऱ्या मुलांना डबे देऊन त्यांनी दोन मुलं शिकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि चहाचा कप हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "पाटल्या मोडाव्या म्हणते. चार तोळ्यांच्या आहेत. डबे करून करून कंबर गेली माझी. हे बसून करायचं काम आहे. आणि प्लॅटिनम तर घरातच राहणार ना?"

मला पटकन काही बोलता येईना. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला तुटला. पण पाटल्या म्हणजे काय हे मला कळतं. एकदा मोडल्या की बाईच्या हातात परत येत नाहीत. म्हटलं, "मावशी, आठ दिवस थांबा. रविवारी मी दौंडला नणंदेकडे चाललेय, माझ्याबरोबर चला."

नणंदेची मुलगी एम.एस्सी. झालीय रसायनशास्त्रात आणि पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी येते. ती नेमकं काय काम करते हे आम्हाला कुणालाच कधी नीट सांगता आलं नव्हतं. नणंद विचारणाऱ्यांना "पाण्यावर काहीतरी करते" एवढंच सांगायची. तर म्हटलं, पाण्याचंच काम आहे, विचारावं.

न्हावरे, चौफुला करत एसटीने दौंडला पोचेपर्यंत अकरा वाजले. भाचीने सगळी हकिगत ऐकली आणि हसायला लागली. "मामी, ही जादू मी तुला आत्ता करून दाखवते. पण त्या बाईसारखी घरातल्या विजेवर नाही हं. प्लगची वीज पाण्यात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. आपण खेळण्यातली चौकोनी बॅटरी घेऊ, नऊ व्होल्टची."

भावाच्या हत्यारांच्या पेटीतून तिने दोन लोखंडी खिळे आणले. बॅटरीला वायरी, वायरींना खिळे, खिळे बोअरच्या पाण्याच्या ग्लासात. एका खिळ्यावरून बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले. दुसऱ्यावर फारसं काही दिसेना. पण आमचं जेवण होईपर्यंत पाणी तपकिरी झालं होतं. आमच्या गल्लीत झालं होतं तसंच, जरा सावकाश.

"आता हा खिळा बघ." तिने दुसरा खिळा बाहेर काढला. गंजलेला, खडबडीत, टोक झिजलेलं. "पाण्यातली घाण वर आलेली नाही ही. हा खिळाच विरघळून पाण्यात उतरलाय."

मग तिने दुसरा ग्लास भरला. खिळ्यांच्या जागी दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या शिसपेन्सिली लावल्या आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. (मीठ टाकू नका म्हणाली, त्यातून क्लोरीन वायू निघतो.) पाणी तेच, बोअरचं. दोन्ही पेन्सिलींवर बुडबुडे, एकीवर दुसरीपेक्षा बरेच जास्त. पण पाणी तपकिरी होईना. "जास्त बुडबुडे तिथे हायड्रोजन, कमी तिथे ऑक्सिजन. एच टू ओ, दोनास एक. पाणी असं फुटतं."

"मग त्यांचं शुद्ध पाणी का नाही बदललं?" मावशींनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे त्यातून वीजच वाहत नाही. वीज नाही म्हणजे दांडी विरघळत नाही. "त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगायचं होतं तुम्ही. तेही लगेच तपकिरी झालं असतं."

मावशी गप्प झाल्या. मला वाटलं, प्रश्न मिटला. पण त्या एकदम म्हणाल्या, "ते जाऊ दे. पण प्लॅटिनम तर खरं ना?"

इथून पुढे जे ऐकलं त्यासाठी हा लेख लिहायला बसले आहे. भाची म्हणाली, "खरं आहे. आणि माझं सगळं कामच ते आहे. पाणी फोडायला प्लॅटिनमसारखा महाग धातू लागतो, तो कमीत कमी कसा लागेल हे शोधायचं."

गोष्ट जुनी आहे. सन 1800 मध्ये लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी पहिल्यांदा विजेने पाणी फोडलं. त्यांनी आधी पितळेच्या तारा वापरल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसरी तार मात्र आपल्या खिळ्यासारखी खराब व्हायला लागली. मग त्यांनी प्लॅटिनमच्या तारा घेतल्या आणि दोन्हीकडून स्वच्छ वायू मिळाले. म्हणजे हा महागडा धातू पहिल्याच वर्षी या कामात शिरला आणि सव्वादोनशे वर्षं झाली तरी निघायचं नाव घेत नाही.

कारण असं, की जिथे ऑक्सिजन सुटतो ती बाजू फार छळवादी असते. तिथे लोखंड गंजतं, पितळ खराब होतं, पेन्सिलीचं शिसंसुद्धा हळूहळू कुरतडलं जातं. (ग्लासच्या तळाशी काळी पूड बसली होती, तिने दाखवली.) तिथे टिकायचं आणि वर काम करायचं, म्हणजे थोडक्या विजेत पाणी फोडायचं, हे दोन्ही जमणारे धातू बोटांवर मोजण्याइतके.

नणंदेच्या सासूबाई पलंगावर पाय पसरून हे ऐकत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "अगं, मग सगळं भांडं कशाला प्लॅटिनमचं करता? कल्हई करा की."

भाची उडालीच. "आजी, हेच! अगदी हेच करतात!"

आमच्या पिढीने कल्हईवाला बघितलाय. दारात खड्डा करून भाता लावायचा, भांडं लाल तापवायचं, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायची. पितळेचं पातेलं आतून चांदीसारखं. त्याशिवाय त्यात ताक ठेवलं की कळकायचं. पातेलं पितळेचंच, स्वस्त. आंबट पदार्थाशी गाठ फक्त वरच्या थराची, म्हणून तेवढाच थर कथलाचा. पाणी फोडण्याच्या पट्टीचंही तसंच. पाणी फक्त पृष्ठभागाला शिवतं. आतला धातू महाग असला काय, स्वस्त असला काय, पाण्याला पत्ता नाही. म्हणून आतली पट्टी टायटॅनियमची आणि वर प्लॅटिनमचा मुलामा.

मग मावशींच्या 'घरात सोनं' या गोष्टीचा हिशेब तिने वहीवर करून दाखवला. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद पट्टी. दोन्ही बाजूंना एक मायक्रॉन जाडीचा थर धरू. मायक्रॉन म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साठावा-सत्तरावा भाग. तर एका पट्टीवर प्लॅटिनम बसतं अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. सात पट्ट्यांचं मिळून तीन ग्रॅम. ते खरवडून कोण देणार आणि कोण घेणार? आणि प्लॅटिनम सोन्यापेक्षा महाग ही गोष्टही जुनी झाली. 2015 पासून त्याचा भाव सोन्याच्या खालीच आहे.

"म्हणजे एक ग्रॅम सोन्याचे दागिनेच म्हणायचे हे," मावशी म्हणाल्या. आपण लग्नाकार्यात घालतो तेच, तांब्या-पितळेवर सोन्याचं पाणी. फसवणूक नाही ती. सांगून घेतलं तर चांगलीच सोय आहे. एक ग्रॅम सोन्याचं गंठण शंभर नंबरी म्हणून विकलं तर मात्र फसवणूक.

आता तुम्ही म्हणाल, पाणी फोडून हायड्रोजन काढायची एवढी घाई कुणाला लागलीय? मीही तेच विचारलं. शेताला टाकतो त्या युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. वनस्पती तूप करताना तेलातून हायड्रोजनच सोडतात. पेट्रोल-डिझेलच्या रिफायनऱ्यांना तर तो ढीगभर लागतो. आज हा हायड्रोजन बहुतेक करून नैसर्गिक वायूपासून काढतात, त्यात धूर होतो, आणि आपल्याला तो वायू बराचसा बाहेरून आणावा लागतो. सूर्याच्या विजेवर पाण्यातून काढला तर त्याला 'हरित हायड्रोजन' म्हणायचं. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये त्यासाठी 19,744 कोटींची योजना मंजूर केली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या राज्यानेही वेगळं धोरण केलं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे पाषाण रस्त्यावरची एनसीएल, आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून हायड्रोजनवर चालणारी बस तयार केली, ती ऑगस्ट 2022 मध्ये लोकांपुढे आली. त्या बसमधल्या इंधन घटात उलटी क्रिया होते, हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज आणि पाणी. तिथेही प्लॅटिनम लागतं, आणि ते कमी कसं करायचं किंवा त्याच्यावाचून कसं भागवायचं यावर एनसीएलमध्ये डॉ. श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट बरीच वर्षं काम करतोय.

एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी आणि साधारण 50 ते 55 युनिट वीज. पाण्याचा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या तालुक्याच्या काही गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, हे आकडे आम्ही लिटरमध्येच मोजतो. भाची म्हणाली, सगळी प्रक्रिया धरून पाणी याहून जास्तच लागतं, पण तो वेगळा विषय आहे. मला तो वेगळा वाटत नाही. पण असो, आज धातूविषयी.

पाणी फोडायची यंत्रं मुख्यतः दोन जातींची. जुनी जात खाऱ्या द्रावणाची. कॉस्टिक पोटॅशच्या तीव्र द्रावणात निकेलच्या पट्ट्या. निकेल तिथे टिकतं, महाग धातू लागतच नाही. पंजाबात नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर 1960 च्या दशकात असा हायड्रोजन काढून खत करत होते, मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रानेही अशी यंत्रं विकसित केली आहेत. मग अडलं कुठे? ही यंत्रं आकाराने मोठी आणि स्वभावाने संथ. ढग आला, वीज कमी झाली, ऊन पडलं, वीज वाढली, हे नखरे त्यांना नीट झेपत नाहीत.

दुसरी जात नवी. मध्ये प्लॅस्टिकसारखा एक पातळ पडदा असतो. यंत्र छोटं, चपळ, सौर विजेच्या चढउताराला साजेसं. पण हा पडदा आम्लधर्मी. म्हणजे आंबट. आणि आंबट आलं की पितळेचं जे होतं तेच निकेलचं होतं, विरघळतं. मग हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम, याला पर्याय उरत नाही.

इरिडियम हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय असं म्हटलं, तर नणंदेचे यजमान उठले आणि त्यांनी कपाटातून त्यांचं शाळेपासूनचं शाईपेन आणलं. निबवर बारीक इंग्रजी अक्षरं, 'इरिडियम पॉइंट'. निबच्या टोकावर जो दाण्याएवढा कठीण ठिपका असतो, त्यात पूर्वी हा धातू वापरायचे. लिहून लिहून झिजू नये म्हणून. पॅरिसला ठेवलेलं मूळ एक किलोचं वजन, ज्याच्यावरून 2019 पर्यंत जगातला किलो ठरत होता, तेही प्लॅटिनम आणि इरिडियमचंच. धातू इतका हट्टी की कशाने बदलत नाही. म्हणूनच तो हवा.

पण तो आहे किती? जगात वर्षाला सोनं निघतं तीन हजार टनांहून जास्त. इरिडियम निघतं सात-आठ टन. एका ट्रकमध्ये मावेल एवढं, सगळ्या जगाचं, वर्षभराचं. त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, आणि तेही प्लॅटिनम खणताना जोडीने येतं. मागणी वाढली म्हणून वेगळी खाण काढता येत नाही. 2021 मध्ये त्याचा भाव सोन्याच्या तिपटीहून वर गेला होता. आजच्या पद्धतीच्या यंत्रात नखाएवढ्या जागेवर एक ते दोन मिलिग्रॅम इरिडियम लावतात. ऐकायला काहीच नाही. पण सरकारी योजना मोजतात ती गिगावॉटमध्ये, आणि एका गिगावॉटच्या यंत्रांना साधारण 400 किलो लागतं. वीस गिगावॉट केले तर जगाचं वर्षाचं सगळं इरिडियम संपलं. म्हणून मिलिग्रॅम-मिलिग्रॅमसाठी ही पोरं रात्र रात्र जागतात.

कसं कमी करतात ते तिने सांगितलं, मला समजलं तेवढं सांगते. एक रस्ता आजींचा, कल्हईचा. थर पातळ करा. नुसता पातळ नाही, तर धातूची इतकी बारीक पूड करा की तिचा कणन् कण पाण्याला शिवेल. आख्खं जायफळ दुधात टाकण्यापेक्षा किसून टाकलं की चिमटीभर पुरतं, तसं. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमची पूड काजळीवर पसरतात. ऑक्सिजनच्या बाजूला काजळी टिकत नाही (पेन्सिल आठवा), तिथे टायटॅनियमचा किंवा दुसरा आधार शोधावा लागतो. जपानच्या तोशिबा कंपनीने 2022 मध्ये दहाव्या हिश्श्याच्या इरिडियमवर चालणारा थर बनवल्याचं जाहीर केलं. त्याच देशातल्या रिकेन संस्थेने 2024 मध्ये मँगनीजच्या ऑक्साइडवर इरिडियमचे सुटे सुटे अणू बसवून 95 टक्के बचत दाखवली. मँगनीज म्हणजे आपल्या साध्या टॉर्चच्या सेलमध्ये असतं तेच.

कल्हईचं हे काम आपल्याकडे कारखान्यात चालतं, ते गोव्याला. मंगेशीला आपण जातो ना, त्याच फोंडा तालुक्यात कुंडईची औद्योगिक वसाहत आहे. तिथे डी नोरा इंडिया ही कंपनी आहे, पूर्वी तिचं नाव टायटॅनॉर होतं. टायटॅनियमच्या जाळीवर रुथेनियम, इरिडियम अशा धातूंच्या क्षारांचा लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा, परत लेप, परत भट्टी. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढणारे कारखाने या जाळ्या वापरतात. पूर्वी तिथे ग्रॅफाइट वापरायचे, पेन्सिलीच्या शिशाचंच भावंडं, ते झिजून जायचं. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की काही वर्षांनी थर झिजला की जाळी टाकून देत नाहीत. परत कुंडईला पाठवतात, पुन्हा लेप देऊन घेतात. कल्हईवाला दारात येत नाही, भांडं त्याच्याकडे जातं, एवढाच फरक.

दुसरा रस्ता, महाग धातूला सरळ सुट्टी. साधं निकेल जे काम करतं, त्यात लोखंडाचा थोडा अंश मिसळला की ऑक्सिजन सुटण्याचं काम कितीतरी सोपं होतं, हे 1987 पासून माहीत आहे. लोखंड! ज्याचा खिळा गंजून आम्ही घाबरलो होतो, तेच. पण हे खाऱ्या द्रावणात. म्हणून आता पडदाच खारा करायचा, म्हणजे यंत्र नव्या जातीसारखं चपळ आणि धातू जुन्या जातीसारखे स्वस्त, असा प्रयत्न जगभर चाललाय. तिथे धातू तयार आहे, पण पडदा पुरेसा टिकत नाही. मुंबईला पवईच्या आयआयटीत प्रा. चंद्रमौळी सुब्रमण्यम आणि त्यांच्या गटाने 2021 मध्ये वेगळीच युक्ती केली. कोबाल्टच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म ठोकळे कार्बनवर बसवले आणि जवळ लोहचुंबक आणला. हायड्रोजन तिप्पट वेगाने निघाला आणि वीज 19 टक्के कमी लागली. दहा मिनिटं चुंबक दाखवला तर पाऊण तासाहून जास्त परिणाम टिकला. चुंबकाने पाण्याला काय होतं म्हणून मी विचारलं, तर पाण्याला काही होत नाही, कोबाल्टला होतं म्हणाली. पुढचं मला कळलं नाही, खोटं कशाला सांगू.

एवढं सगळं ऐकून मावशींनी विचारलं, "मग तू काय करतेस?"

ती जरा थांबली. "मी थर पातळ करते. गेल्या वर्षी आम्ही बराच पातळ केला. सगळे खूश. आणि मग तो काही शे तासांत निघून गेला. यंत्र चालायला हवं वर्षानुवर्षं, हजारो तास."

"कल्हई पातळ दिली की असंच होतं," आजी पलंगावरून म्हणाल्या. "सणाला चमकते आणि महिन्याने ताक कळकतं. आमचा कल्हईवाला कथील चोरायचा, मी बाजूला बसून राहायचे."

भाची हसली, पण तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की हे तिला लागलं. रात्रंदिवस खपून केलेला थर निघून जाताना बघणं सोपं नसणार. नणंद तिच्या लग्नाचं बघतेय, येणारी स्थळं विचारतात पगार किती, पर्मनंट कधी. कुणी विचारत नाही की तू करतेस काय. आम्हीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, तेही पाटल्यांच्या निमित्ताने.

परतीच्या एसटीत मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. न्हावऱ्याच्या अलीकडे म्हणाल्या, "प्लॅटिनमचं पाणी पिऊन शुगर जाते का गं?" मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलेलं सांगितलं. आपल्या जठरात मुळातच आम्ल असतं, खारं पाणी तिथे गेलं की त्याचा खारेपणा तिथेच संपतो. रक्ताचं आम्ल-अल्क सांभाळायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं आहेत. गोळ्या बंद करू नका, एवढंच त्यांनी दोनदा बजावलं होतं. बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर ते चांगलंच आहे असं कुणी म्हणत नाही. पण ते बघायचं तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत देऊन तपासून घ्यायचा. दांड्या बुडवून नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पुण्याच्या ताई परत आल्या, या वेळी दुसऱ्या गल्लीत. मावशी मला न सांगताच गेल्या. तिथे जे झालं ते मी दुसऱ्यांकडून ऐकलं. दोन ग्लास मांडले, बटण दाबलं, बोअरचं पाणी तपकिरी झालं. मावशी उठल्या, कमरेच्या पिशवीतून मिठाची पुडी काढली आणि शुद्ध पाण्याच्या ग्लासाकडे बोट करून म्हणाल्या, "बटण बंद करा, चिमूटभर मीठ टाकते यात. आणि मग लावा परत." ताई म्हणाल्या, असं करायची पद्धत नाही. मावशी म्हणाल्या, मीठ तर रोज खातो आम्ही. शेवटी बायकांनीच आग्रह धरला. मीठ पडलं, बटण दाबलं, आणि तेही पाणी तपकिरी झालं.

आमच्या गल्लीतल्या एकीने मात्र आधीच पैसे भरले होते. परत मिळतील का, यासाठी आम्ही गटातर्फे अर्ज केलाय. अजून उत्तर नाही.

पाटल्या मावशींच्या हातात आहेत. कंबर दुखतेच आहे. डब्यांच्या कामाला एक मदतनीस मुलगी ठेवायची, त्यासाठी गटातून छोटं कर्ज द्यायचं असं मागच्या बैठकीत ठरलं. मी घरी खिळ्यांचा प्रयोग करून ग्लास ओट्यावर ठेवला होता, बैठकीला आलेल्या सगळ्यांना दाखवायला. सगळ्या गेल्यावर मावशींनी तो उचलला, उजेडात धरून बघितला आणि मागच्या दारी गेल्या.

"काय करताय?"

"टाकून कशाला द्यायचं? लोखंडच आहे ना नुसतं." आणि त्यांनी ते पाणी माझ्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं. ग्लास विसळून पालथा घातला, खिळे मात्र पदराला पुसून परत माझ्या हातात दिले.